शिंगलच्या छपरावरचे काळे ओघळ, मॉस आणि दगडफूल: छप्पर न बिघडवता कसं साफ करावं?

वळचण

डांबरी शिंगलच्या, म्हणजे वर दगडी दाणे बसवलेल्या आणि एकावर एक चढवलेल्या पातळ डांबरी तुकड्यांच्या छपरावर काळे ओघळ दिसू लागले की हात आधी प्रेशर वॉशरकडे जातो. तो जाऊ नये म्हणून हा धागा.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. आपण हिरवं दिसलं की शेवाळ आणि काळं दिसलं की बुरशी म्हणून मोकळे होतो. आढ्यापासून वळचणीकडे उतरत आलेले काळे पट्टे बहुतेक वेळा बुरशीचे नसतातच. तो ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा सायनोबॅक्टेरिया असतो, म्हणजे नीलहरित शेवाळ. स्वतः तो निळसर हिरवा, पण उन्हापासून बचावासाठी अंगाभोवती गडद आवरण तयार करतो. आपल्याला दिसतो तो काळा रंग या आवरणाचा. शिंगलच्या डांबरात चुनखडीची पूड मिसळलेली असते. ती आणि दवाचा ओलावा, एवढ्यावर त्याचं भागतं. ज्या बाजूला ऊन उशिरा पोचतं तिथे तो आधी दिसतो. उत्तर गोलार्धात ती उत्तरेची बाजू.

या ओघळांनी छप्पर लगेच गळत नाही. नुकसान मुख्यतः दिसण्याचं, आणि फिकट रंगाचं छप्पर काळवंडलं की उन्हात जास्त तापतं. मॉस आणि दगडफूल यांच्याबाबत इतकं निवांत राहता येत नाही.

मॉसची हिरवी गादी स्पंजसारखं पाणी धरते आणि वाढता वाढता शिंगलची खालची कड उचलते. त्या फटीतून पाणी वरच्या अंगाला सरकतं, आणि थंडीत तेच गोठून फट आणखी रुंद करतं. दगडफुलाच्या राखाडी-हिरवट चकत्या म्हणजे शेवाळ आणि बुरशी यांची भागीदारी. त्यातल्या बुरशीचे तंतू शिंगलच्या दाण्यांमध्ये रुतलेले असतात. जिवंत चकती नखाने उचकटली तर ती दाण्यांसकट येते आणि मागे नाण्याएवढं काळं टक्कल उरतं.

ते दाणे शोभेचे नाहीत. डांबराचं उन्हापासून रक्षण करणारा तो एकमेव थर आहे. प्रेशर वॉशर शेवाळाबरोबर दाणेही उडवतो, शिंगलला शिंगल चिकटवून ठेवणारी डांबराची पट्टी सोडवतो आणि पाणी उलट्या दिशेने आत घुसवतो. तासाभरात छप्पर नव्यासारखं दिसतं आणि त्याचं काही वर्षांचं आयुष्य पन्हळीत जमा झालेलं असतं. अनेक शिंगल कंपन्यांची हमीही प्रेशर वॉशिंगने रद्द होते, तेव्हा हमीपत्र वाचा.

योग्य पद्धत रसायनाची आहे. अमेरिकेतली डांबरी छप्पर उत्पादकांची संघटना, आर्मा, हेच सुचवते: कपडे धुण्याचं द्रव ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घ्यायचं, फवारायचं, १५ ते २० मिनिटं ठेवायचं आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. घासायचं नाही.

दिवस ढगाळ, वारा नसलेला, पुढचे काही तास पावसाची शक्यता नसलेला हवा. तापमान साधारण १० ते २५ अंश. कडक उन्हात द्रावण पाच मिनिटांत वाळतं आणि वाळलेलं ब्लीच काम करत नाही. शिवाय तापलेलं डांबर मऊ असतं, बुटाखाली दाणे सरकतात. फार थंडीत शिंगल कडक होतात आणि पाय पडला की कडा तडकतात.

फवारायच्या आधी एक चाचणी. कापसाचा बोळा द्रावणात भिजवून एका काळ्या ठिकाणी ठेवा आणि पाचेक मिनिटांनी उचला. काळ्याचं तपकिरी होऊन फिकं पडत असेल तर शेवाळ. जसंच्या तसं काळं राहिलं तर तिथे दाणे झडून डांबर उघडं पडलंय किंवा धुराड्याची काजळी आहे, आणि त्यावर कितीही ब्लीच ओतलं तरी फरक पडणार नाही.

---

क्षारक

धागा उत्तम. ‘समप्रमाणात’ या शब्दात एक गफलत लपलीय, ती सांगतो.

निम्मं ब्लीच, निम्मं पाणी हा हिशोब ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या घरगुती ब्लीचसाठी आहे. छपरावर पडणारं द्रावण मग साधारण ३ टक्क्यांचं होतं. हल्ली ७.५ टक्क्यांचं ‘कॉन्सन्ट्रेटेड’ ब्लीचही मिळतं, आणि पोहण्याच्या तलावासाठीचं क्लोरीन १० ते १२.५ टक्क्यांचं असतं. ते निम्मं-निम्मं केलंत तर दुप्पट जहाल द्रावण होईल. काळे ओघळ जास्त जातील असं नाही, झाडं आणि पन्हळ मात्र जातील.

सूत्र सोपं आहे. बाटलीवरच्या टक्केवारीला हव्या त्या टक्केवारीने भागा आणि १ वजा करा. आलेला आकडा म्हणजे एका भाग ब्लीचला लागणारं पाणी. १२.५ ला ३ ने भागलं तर ४.१६, वजा १, म्हणजे साधारण ३ भाग पाणी. ७.५ चं असेल तर दीड भाग. ६ चं असेल तर १ भाग.

बाटलीवरची टक्केवारी भरण्याच्या दिवसाची असते. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने उतरत जातं, आणि जितकं तीव्र तितकं वेगाने. उन्हात पडून राहिलेल्या कॅनमध्ये नुसतं खारट पाणी उरलेलं असू शकतं. भरल्याची तारीख बघून ताजं घ्या आणि एकदा कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

‘न शिंतडणारं’ म्हणून विकलं जाणारं दाट ब्लीच घेऊ नका. त्यात घट्टपणा आणणारे पदार्थ असतात, नोझल तुंबतं आणि फेस होतो. सुगंधीही नको. आणि कोणी ब्लिचिंग पावडर पाण्यात कालवून फवारणार असेल तर थांबा. ते कॅल्शियम हायपोक्लोराइट. न विरघळलेला चुन्याचा गाळ नोझलमध्ये अडकतो आणि छपरावर पांढरे डाग पाडतो. एक घालवायला गेलात आणि दुसरं पदरी पडलं, असं होतं.

द्रावण उतारावरून घसरू नये, जरा धरून राहावं म्हणून थोडा साबण चालतो, १० लिटरला २५-३० मिली. पण त्यात अमोनिया नको, आम्लही नको. लेबल वाचल्याशिवाय काहीही ओतू नका.

---

सहज_विचारते

व्हिनेगर घातल्याने ब्लीच जास्त जोरात काम करतं असं एका व्हिडिओत दाखवलं होतं. थोडंसं घातलं तर?

---

क्षारक

थोडंसंही नाही. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, मग ते व्हिनेगर असो, संडास साफ करायचं आम्ल असो की लिंबाचा रस. अमोनिया पडला तर क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसाला घातक. पंपातही लक्ष असू द्या: आधी त्यात दुसरं काही फवारलं असेल तर तीन वेळा साध्या पाण्याने खंगाळून मगच ब्लीच भरा.

नुसतं व्हिनेगर किंवा बेकिंग सोडा या शेवाळावर फार फिके पडतात. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, हा खरा सौम्य पर्याय. कोमट पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. झाडांना आणि धातूला कमी त्रास. काम मात्र सावकाश, आणि जुन्या काळ्या ओघळांवर दोन-तीन हात लागू शकतात. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, म्हणून बंद पंपात भरून ठेवू नका, दाब वाढतो. हायपोक्लोराइटमध्ये तर ते मिसळायचंच नाही. दोघं एकमेकांना संपवतात.

---

परांची

रसायनाचं झालं. या कामात माणसं रुग्णालयात जातात ती ब्लीचमुळे नव्हे, पडून. तेव्हा सविस्तर.

ओलं शेवाळ निसरडं असतंच. त्यावर ब्लीच आणि साबण पडला की ते तेल ओतल्यासारखं होतं. म्हणून नियम एकच: ओल्यावर पाऊल नाही. बोलायला सोपं, पण छपरावर उभं राहिल्यावर लक्षात येतं की पाणी तुमच्यापेक्षा हुशार आहे. वळचणीजवळ उभं राहून वर फवारलं तर द्रावण ओघळत तुमच्या बुटाखाली येतं. आढ्याजवळ उभं राहून खाली फवारलं तर तुम्ही कोरड्यावर असता, पण शिडीपर्यंतची वाट ओली झालेली असते. हे दुसरं लोकांना वर गेल्यावर कळतं.

उपाय: शिडी छपराच्या एका टोकाला लावा. शिडीच्या डोक्यापासून आढ्यापर्यंत सरळ वर मीटरभर रुंद पट्टा कोरडा ठेवायचा. लांबच्या टोकापासून सुरुवात करून त्या पट्ट्याकडे सरकत यायचं, नेहमी कोरड्या बाजूला उभं राहून. शेवटचा पट्टा शिडीवर उतरून, शिडीवरूनच फवारायचा. धुण्याचं पाणीही तसंच. ओल्या छपरावर धुवायला परत चढायचं नाही.

त्याहून चांगलं म्हणजे चढायचंच नाही. लांब दांडीच्या फवाऱ्याने शिडीवरून दोन-तीन मीटर वर सहज पोचतं. बारा व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप आणि नळी असेल तर त्याहूनही लांब. फक्त धार सरळ शिंगलच्या कडेखाली मारू नका. कमान करून वरून पावसासारखं पडू द्या. छप्पर वरून पडणाऱ्या पाण्यासाठी बांधलेलं असतं, खालून येणाऱ्या धारेसाठी नाही.

उतार मोजा. १२ इंच आडवं गेल्यावर ६ इंचापेक्षा जास्त चढत असेल तर त्या छपरावर चालणं हे हौशी माणसाचं काम नाही. त्यापेक्षा कमी उतारावरही हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, हवा. त्याचा दोर अडकवायचा अँकर फळीतून वाशात घट्ट स्क्रू केलेला हवा. धुराडं किंवा व्हेंटचा पाइप म्हणजे अँकर नव्हे. दोर इतका आखूड ठेवा की घसरलात तरी वळचणीच्या आतच थांबाल.

शिडी: वळचण ४ मीटर उंच असेल तर पाय भिंतीपासून १ मीटर बाहेर. वरचं टोक वळचणीच्या वर मीटरभर. शिडी पन्हळीवर टेकवू नका, पन्हळ वाकते आणि शिडी सरकते. भिंतीवर टेकणारा आडवा स्टँड-ऑफ लावा. वर वीजतारा आहेत का बघा, ॲल्युमिनियमची शिडी असेल तर विशेष करून. खाली एक माणूस कायम हवा, आणि त्याने फवाऱ्याच्या खाली उभं राहायचं नाही.

डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल, हाताला नायट्राइल किंवा रबरी हातमोजे, लांब बाह्या, मऊ रबरी तळाचे बूट. बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं तर द्रावण मोज्यात शिरलंय आणि कातडी खातंय असं समजा, लगेच धुवा. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

---

पानाआड

कोरड्या पट्ट्याची कल्पना छान. आता छपरावरून खाली येतं त्याचं बघू.

वळचणीखालची झाडं फवारणीच्या आधी भरपूर भिजवा. पानं आणि माती दोन्ही. पाण्याने भरलेली माती ब्लीच कमी ओढून घेते आणि पानांवर पडलेलं लगेच पातळ होतं. फवारत असताना खालच्या माणसाकडे चालू नळी असावी, काम संपल्यावर पुन्हा १०-१५ मिनिटं पाणी. बहुतेक लोक इथे आधीचं करतात आणि नंतरचं विसरतात. पानं दोन दिवसांनी कडेने तपकिरी पडायला लागली की ते या विसरण्याचं फळ असतं.

प्लॅस्टिकने झाकणं मला पसंत नाही. आत ऊब कोंडून पानं उकडतात. झाकायचंच तर जुनं सुती कापड भिजवून टाका आणि धुणं संपल्याबरोबर काढा.

पन्हळीतून उतरणाऱ्या नळाचं तोंड कुठे उघडतं ते आधी पाहून ठेवा. छपरावर फवारलेलं बरंचसं द्रावण तिथे एकवटतं, म्हणजे सगळा मारा एकाच झुडपाच्या मुळाशी. नळाला पिशवी किंवा लांब नळी लावून पाणी रिकाम्या जागी सोडा आणि तिथेही भरपूर पाणी ओता. पावसाचं पाणी साठवायची टाकी जोडलेली असेल तर ती त्या दिवशी आणि पुढच्या एक-दोन जोरदार पावसांपर्यंत तोडून ठेवा. पावसाळी गटारात किंवा तळ्यात थेट जाऊ देऊ नका, क्लोरीन माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. साचलेलं पाणी निष्प्रभ करायला सोडियम थायोसल्फेट चालतं, फोटोग्राफीतलं ‘हायपो’.

पाळीव प्राणी आत, वाळत घातलेले कपडे आत, खिडक्या बंद. गाडी लांब.

---

आढं_ते_पाया

मूळ पोस्टमधल्या एका मुद्द्याला हरकत. छपरं धुण्याचा व्यवसाय करणारे बरेच जण फवारतात आणि निघून जातात, धुतच नाहीत. पुढचा पाऊस धुतो. दगडफूल आणि मॉस असेल तर तेच बरं, कारण वीस मिनिटांत वरचा थर मरतो, खोल रुतलेले तंतू नाही. छपरावर चढून पाणी मारायचा धोकाही वाचतो.

---

वळचण

पटतं, पण अर्धंच. ब्लीचचा प्रभाव वाळेपर्यंतच. वाळल्यावर जे उरतं ते मीठ आणि थोडा क्षार. ते आणखी काही मारत नाही, पण ॲल्युमिनियमची पन्हळ, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणि धुराड्याभोवतीचे पत्रे यांच्यावर ओल धरून बसतं. म्हणून शिंगलचं काहीही ठरवा, पन्हळ आणि पत्रे त्याच दिवशी धुवाच. भिंतीवर, खिडक्यांवर, लाकडी डेकवर उडालेलं लगेच.

दगडफुलाला तुम्ही म्हणता तसा जास्त वेळ हवा. तिथे द्रावण वाळू न देता १०-१५ मिनिटांनी दुसरा हात द्यायचा, एकूण अर्धा तास ओलं ठेवायचं आणि मग धुवायचं. व्यावसायिक न धुता जातात त्यामागे रसायनाइतकंच वेळेचंही गणित असतं.

---

आढं_ते_पाया

पन्हळीचं मान्य. बाकी मतभेद ठेवूया. आता प्रमाणाचा हिशोब मांडतो, कारण लोक नेहमी अंदाजे कालवतात आणि तीन चतुर्थांश छप्पर झाल्यावर द्रावण संपतं. तिथे जी सीमारेषा पडते ती नंतर वर्षभर दिसते.

जमिनीवर मोजलेलं क्षेत्रफळ म्हणजे छपराचं क्षेत्रफळ नव्हे. १२ ला ४ च्या उताराला १.०५४ ने गुणा, १२ ला ६ ला १.११८ ने, १२ ला ८ ला १.२०२ ने. समजा एक बाजू जमिनीवर १२ बाय ५ मीटर, उतार १२ ला ६. ६० गुणिले १.११८, म्हणजे ६७ चौरस मीटर. मध्यम काळ्या छपराला ४ लिटर द्रावण साधारण ८ चौरस मीटरला पुरतं. म्हणजे ३४ लिटर. १२.५ टक्क्यांचं क्लोरीन असेल तर साडेआठ लिटर ते आणि साडेपंचवीस लिटर पाणी. ८ लिटरच्या हातपंपाने चार भरण्या आणि थोडं. दाट मॉस असेल तर दीडपट धरा, कारण तो पितो.

ड्रममध्ये आधी पाणी, मग ब्लीच. उलट केलं तर फेसाळून तोंडावर उडतं. कालवण्याचं काम उघड्यावर.

---

सहज_विचारते

हे फारच उपयोगी. दोन प्रश्न. मॉस मेल्यावर तो तिथेच राहतो का? आणि फवारल्यानंतर ओघळ पूर्ण गेले नाहीत, फिके तपकिरी राहिले, तर लगेच पुन्हा फवारायचं का?

---

वळचण

मॉस तिथेच राहतो, पण पांढुरका-पिवळा होऊन सुकतो आणि त्याची पकड सुटते. काही आठवड्यांच्या पावसा-वाऱ्यात बराच खाली येतो. उरलेला कोरडा असताना मऊ ब्रशने, आढ्याकडून वळचणीकडे, हलक्या हाताने झाडा. कधीही खालून वर नाही, ब्रशचे केस शिंगलच्या कडेखाली शिरून ती उचलतात. खालच्या अंगाला पन्हळीत त्याचा लगदा जमतो, तो त्याच दिवशी काढा. नाहीतर पुढच्या पावसात पन्हळ भरून पाणी उलट छपराच्या फळीत जाईल.

दगडफुलाच्या चकत्या पांढऱ्या पडून कित्येक महिने चिकटून राहू शकतात. त्यांना हात लावू नका. मेलेल्या आहेत, स्वतःच सुटतील. आत्ता खरवडलंत तर दाणे घेऊनच निघतील.

फिके तपकिरी राहिलेलं बऱ्याचदा मेलेलंच असतं. दोन-तीन पाऊस होऊ द्या. त्यानंतरही दिसलं तर फक्त तेवढ्या भागावर दुसरा हात. लगेच तीनदा फवारण्यात छपराचा फायदा नाही, झाडांचा तोटा नक्की.

---

क्षारक

ओघळ का राहतात, याची कारणं वारंवार तीच निघतात. द्रावण जुनं होतं. ऊन होतं आणि ते पाच मिनिटांत वाळलं. नोझलचा फवारा इतका बारीक होता की धुकं वाऱ्यावर गेलं आणि शिंगलवर थेंबच पडले नाहीत. पंख्यासारखा पसरट, जाडसर थेंबांचा फवारा हवा. शिंगल चकाकेपर्यंत ओली व्हावी, पण पाणी पळू लागण्याआधी थांबावं. चौथं कारण म्हणजे ते शेवाळ नव्हतंच, मूळ पोस्टमधली बोळ्याची चाचणी केली नव्हती.

---

पन्हळ_९

पुन्हा येऊ नये म्हणून जस्ताच्या पट्टीबद्दल कोणीच लिहिलं नाही. धुराड्याच्या किंवा व्हेंटच्या पत्र्याखाली छपराचा एक स्वच्छ पट्टा राहिलेला पाहिला असेल. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरून पाणी उतरताना धातूचे अंश घेऊन जातं आणि शेवाळाला ते सोसत नाही. तेच तत्त्व मुद्दाम वापरायचं.

आढ्याच्या टोपीखाली जस्ताची किंवा तांब्याची पट्टी सरकवायची, ५ सेंटीमीटर तरी उघडी राहील अशी, दोन्ही उतारांवर. उघडी पट्टी जितकी रुंद तितकं खालपर्यंत काम करते. लांब उताराला आढ्यावरची एकच पट्टी बऱ्याचदा अपुरी पडते, साधारण ४-५ मीटरनंतर ओघळ पुन्हा दिसू लागतात. मग मधल्या एखाद्या ओळीखाली दुसरी पट्टी. पट्टी बसवताना टोपीच्या शिंगलची चिकटपट्टी सोडवावी लागते. ती थंडीत सोडवू नका, शिंगल फाटते. आणि नंतर डांबरी सिमेंटचा ठिपका देऊन परत चिकटवा, नाहीतर वारा टोपी घेऊन जाईल. खिळे त्याच धातूचे.

तांबं शेवाळावर जस्तापेक्षा जोरदार. पण खाली ॲल्युमिनियमची किंवा जस्ताचा मुलामा असलेली पन्हळ असेल तर तांब्याच्या पट्टीवरून उतरणारं पाणी ती कुरतडतं. तिथे जस्तच वापरा. आणि पट्टी आधीचं काळं काढत नाही. आधी साफ, मग पट्टी.

---

पानाआड

जस्त आणि तांबं दोन्ही जलचरांना विषारी, हे जोडून ठेवते. छपराचं पाणी तळ्यात जात असेल किंवा साठवून भाजीला घालत असाल तर पट्टीच्या आधी कुऱ्हाड. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा. ऊन आणि वारा पोचला की निम्मं काम होतं. दोन उतार मिळतात त्या खाचेत अडकलेली पानं आणि पाइन झाडांच्या सुया वर्षातून दोनदा काढा, मॉसची सुरुवात तिथल्या कुजलेल्या थरात होते.

---

परांची

छप्परच बदलायची वेळ जवळ आली असेल तर पट्टीचा खटाटोप नको. तांब्याचा लेप दिलेले दाणे मिसळलेल्या शेवाळरोधक शिंगल मिळतात. त्यांची शेवाळाविरुद्धची हमी उत्पादनानुसार बऱ्याचदा १० ते २५ वर्षांची असते, काहींची त्याहून जास्त.

आणि कोणतं छप्पर साफ करायचं नाही, हेही लिहू या. पन्हळीत मूठ-मूठ दाणे सापडतात, कडा वर वळल्यात, शिंगल वाकवली की मोडते: असं छप्पर धुण्यात पैसा आणि पाय दोन्ही घालवू नका. खूप जुन्या घरावर सिमेंटसारख्या कडक, करड्या शिंगल असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी झाल्याशिवाय घासणं, झाडणं, चालणं काहीच नाही.

लाकडी शिंगलला या धाग्यातलं ३ टक्क्यांचं ब्लीच लावू नका. लाकडाचे तंतू सुटून केसाळ होतात. तिथे परकार्बोनेट.

---

आढं_ते_पाया

एक राहिलं. खरी बुरशी छपरावर वरून नव्हे, आतून सापडते. माळ्यावर चढून टॉर्च मारा. छताच्या फळीच्या आतल्या बाजूला काळे ठिपके, गंजलेली खिळ्यांची टोकं, ओलसर वास दिसला तर ती आतल्या वाफेची कमाल आहे. बाहेरून कितीही ब्लीच मारा, तिला त्याचा पत्ताही लागणार नाही. न्हाणीघराचा पंखा माळ्यातच हवा सोडतोय का ते आधी बघा, मग वायुवीजन मोजा: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी खुली जाळी, आणि ती वर आढ्याजवळ व खाली वळचणीला नीट विभागलेली असेल तर १/३०० ही चालते. वळचणीच्या जाळ्या इन्सुलेशनने बुजलेल्या असणं ही तर नेहमीचीच गोष्ट.

---

सहज_विचारते

बोळ्याची चाचणी केली. दोन जागी तपकिरी होऊन फिकं पडलं. धुराड्याच्या खालची जागा जशीच्या तशी काळी. आणि पंप कोणता घ्यावा? बागेचा पितळी दांडीचा आहे.

---

क्षारक

धुराड्याखालचं म्हणजे काजळी किंवा उघडं डांबर. बोटाने चोळून बघा. बोट काळं झालं तर काजळी. नाही झालं आणि हाताला गुळगुळीत लागलं, दाण्यांचा खरखरीतपणा नसला, तर दाणे गेलेत. तेवढ्या शिंगल बदला.

पितळी दांडी नको, ब्लीच ती खातं. प्लॅस्टिकची दांडी आणि व्हिटॉन या रसायनांना टिकणाऱ्या रबराचे सील असलेला पंप घ्या, साधे रबरी सील थोड्याच वापरात फुगतात आणि मुठीजवळ गळायला लागतात. काम झाल्यावर आधी दाब सोडा, मग टाकी स्वच्छ पाण्याने भरून नोझलमधून पूर्ण फवारून टाका, असं दोनदा. झाकण उघडं ठेवून उलटा वाळवा. आणि त्यावर मार्करने ‘फक्त ब्लीच’ लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मोसमात त्यात कोणी गुलाबाचं औषध भरणार नाही.